लायका एम३साठी लेन्स आणि फिल्म: पेठांतल्या छायाचित्रणासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. माझ्या मामांची लायका एम३ (फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा) आता माझ्याकडे आली आहे. शटरचे वेग तपासून आणि रेंजफाइंडर (अंतर मोजून फोकस जुळवणारी यंत्रणा) जुळवून घेतला आहे, मात्र सोबत एकही लेन्स नाही. पुण्यातल्या कसबा आणि शनिवार पेठेतले उरलेसुरले वाडे, मंडईतले गाळे आणि आषाढी वारीच्या पालख्या नाना व भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हाचे लोक, हे माझे विषय आहेत. डिजिटल कॅमेऱ्यावर मी ३५ मिमी वापरतो आणि बोळांसाठी तीच योग्य वाटते. एम३वर मात्र ५० मिमीच घ्यावी असे सांगणारे बरेच भेटतात. एकच लेन्स आणि शक्यतो एकच फिल्म ठेवायची आहे. कृपया कारणांसह सांगावे.

प्रतिसाद १

या कॅमेऱ्यात लेन्सचा निर्णय व्ह्यूफाइंडर, म्हणजे पाहायची खिडकी, करतो. १९५४ साली आलेल्या एम३च्या व्ह्यूफाइंडरचे विवर्धन (दृश्य किती मोठे दिसते ते प्रमाण) ०.९१ आहे आणि त्यात ५०, ९० आणि १३५ मिमीच्या चौकटी, म्हणजे त्या लेन्समध्ये किती दृश्य येईल ते दाखवणाऱ्या रेषा, आहेत; ३५ची चौकट नंतरच्या एम२मध्ये, विवर्धन ०.७२पर्यंत कमी करून, देण्यात आली. म्हणून एम३वर ३५ मिमी लावली तर वर वेगळा फाइंडर बसवावा लागतो, म्हणजे एका खिडकीतून फोकस करायचा आणि दुसऱ्या खिडकीतून चौकट ठरवायची. उभ्या वाड्याच्या बाबतीत हे चालते, परंतु पालखीच्या गर्दीत समोरचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. याउलट ५० मिमीसाठी हा व्ह्यूफाइंडर अतिशय सुखाचा आहे: दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते, चौकटीत काय शिरणार आहे ते आधीच दिसते, आणि मोठ्या विवर्धनामुळे एफ/२वरही, म्हणजे अपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र) बरेच उघडे असतानाही, फोकस खात्रीने जुळतो.

नवी घ्यायची असल्यास झाइसची ५० मिमी एफ/२ प्लानार घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती ०.७ मीटरपर्यंत फोकस करते असे लिहिलेले असले, तरी एम३चा रेंजफाइंडर साधारण एक मीटरपर्यंतच साथ देतो, म्हणून त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्याच कंपनीची एफ/१.५ सी-सोनार सुंदर आहे, परंतु अपर्चर बदलताना तिचा फोकस किंचित सरकतो आणि पहिल्याच लेन्सबाबत ती गुंतागुंत नको. लायकाच्याच जुन्या, घडी होणाऱ्या ५० मिमी सुमिक्रॉन लेन्सला हात लावण्यापूर्वी आतून विजेरीचा झोत टाकून पाहावे. तिच्या पुढच्या काचेवरचा लेप मऊ असल्याने ओरखडे आणि आतला धूसरपणा नेहमी आढळतो. जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती लेन्स घेऊच नये, कारण पुण्याच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. रशियन ज्युपिटर-८ स्वस्त असते आणि अडॅप्टरने बसतेही, पण तिची फोकसची मोजणी लायकाशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे जवळच्या अंतरावर अपर्चर पूर्ण उघडल्यास फोकस चुकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: या कॅमेऱ्यात आरसा नाही आणि शटर कापडी पडद्याचे आहे, म्हणून लेन्समधून आलेला उजेड थेट त्या पडद्यावर पडतो. उन्हात लेन्स सूर्याकडे रोखलेली राहिली, तर पडद्याला जळून छिद्र पडू शकते. चालताना कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे आणि अपर्चर बारीक ठेवावे.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु ३५ मिमीचा मार्ग पूर्ण बंद नाही. एम३साठी लायकाने व्ह्यूफाइंडरसमोर येणारा चष्मा जोडलेल्या ३५ मिमी सुमारॉन आणि सुमिक्रॉन या लेन्स काढल्या होत्या. त्या चष्म्यामुळे ५०च्या चौकटीतच ३५चे क्षेत्र दिसते. चष्मा हललेला नसेल, तर अरुंद बोळातल्या वाड्यांसाठी मी तीच निवडेन. तुमच्या यादीत मात्र माणसे अधिक दिसतात, म्हणून ५०ला माझाही विरोध नाही.

फिल्मसाठी इलफर्डची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म सुचवतो. मंडईच्या छपराखाली उजेड कमी असतो आणि तिथे ४०० आयएसओ (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) लागतेच. गरज पडल्यास ती १६०० धरूनही वापरता येते. अडचण रस्त्यावरच्या उन्हात येते. लख्ख उन्हात ४०० आयएसओला १/१००० सेकंद आणि एफ/११ लागते आणि एम३चे शटर त्याहून वेगाने चालत नाही, म्हणजे एफ/२पासून तुम्ही पाच स्टॉप दूर असता (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यावर पिवळा फिल्टर हा थोडाफार उपाय आहे: तो सुमारे एक स्टॉप उजेड खातो आणि आकाश थोडे गडद करतो. एम३मध्ये उजेड मोजण्याची सोय नसल्याने तो एक स्टॉप आपणच आठवणीने धरावा लागतो.

रोल घरी धुणार असाल, तर तापमानाकडे लक्ष द्यावे. आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न मिसळलेल्या) द्रावणात २० अंशांना या फिल्मला साडेसात मिनिटे लागतात; एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते, वेळ कमी होत जातो आणि पाच मिनिटांखाली गेल्यावर डेव्हलपिंग असमान होण्याचा धोका असतो. म्हणून उन्हाळ्यात १+१ (तेवढेच पाणी मिसळलेले) द्रावण वापरावे, त्याला २० अंशांना १३ मिनिटे लागतात, आणि डबा बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून तापमान आणता येते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ५० मिमी प्लानार आणि एचपी५ असे ठरवतो. पालखीतल्या पताकांसाठी एखादा रंगीत रोल ठेवावा का?

प्रतिसाद २

जरूर ठेवावा. जूनमधले आभाळ क्षणोक्षणी बदलते आणि कोडॅक पोर्ट्रा ४०० ही रंगीत फिल्म थोडा जास्त उजेड सहज सहन करते, म्हणून शंका असेल तिथे एक स्टॉप अधिक द्यावा. तिची सी-४१ ही धुण्याची प्रक्रिया ३७.८ अंशांवर नेमकी ठेवावी लागते, तेव्हा हा रोल लॅबकडेच सोपवावा. रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल, तर आदल्या रात्री बाहेर काढून बंद डबीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर दमट हवेत फिल्मवर बाष्प धरते.