झूकीपर, सी क्लायंट: चाइल्ड नोडच्या यादीसाठी कोणतं फंक्शन घ्यावं?

अर्धविराम:
मंडळी, सल्ला हवाय. झूकीपरमध्ये (प्रोसेसमधला ताळमेळ राखणारी सेवा, माहिती फोल्डरसारख्या नोडच्या झाडात ठेवते) '/वर्कर्स' नोडखाली प्रत्येक चालू प्रोसेस आपला एक इफेमेरल नोड (सेशन संपलं की आपोआप जाणारा) टाकते. माझ्या सी प्रोग्रॅमला ती यादी कायम ताजी हवी. सध्या झू_गेट_चिल्ड्रन वापरतोय. दोन दुखणी आहेत. मेमरी हळूहळू चढत जाते, शेवटी फ्री(स्ट्रिंग्ज.डेटा) करूनसुद्धा. आणि अधूनमधून एखादा नवा वर्कर यादीत येतच नाही. असिंक्रोनस झू_एगेट_चिल्ड्रनकडे (वाट न बघता, उत्तर नंतर कॉलबॅक फंक्शनमध्ये देणाऱ्या) वळू का?

रिकामा_पॉइंटर:
वळण्याआधी आहे ते नीट करा. लीक तुमच्याच ओळीत आहे. स्ट्रिंग_व्हेक्टरमध्ये काउंट असतो आणि डेटा, म्हणजे कॅरेक्टर-पॉइंटरचा (char *) ॲरे. प्रत्येक नाव वेगळं अलोकेट होतं. तुम्ही पेटी टाकून दिलीत, आतला माल तसाच राहिला. ४० वर्कर असतील तर दर फेरीला ४० नावं गळतात. डीअलोकेट_स्ट्रिंग_व्हेक्टर बोलवा, तो आतली नावं आणि ॲरे दोन्ही सोडतो.

व्हेक्टर आधी शून्य करून ठेवा हेही सांगतो. कॉल झेडओके (यशाचा कोड) सोडून दुसरं काही घेऊन परतला तर व्हेक्टर भरलेला नसतो, आणि स्टॅकवरचा कचरा डीअलोकेट करायला गेलात की सेग फॉल्ट, प्रोग्रॅम कोसळतो. यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

असिंक्रोनसमध्ये मालकी उलटी असते. कॉलबॅकमध्ये मिळालेली यादी लायब्ररीची, तुमचं फंक्शन परतलं की ती स्वतःच सोडते. तिथे डीअलोकेट करू नका. नावं पुढे लागणार असतील तर स्ट्रडपने प्रत करून घ्या.

रात्रपाळी:
हुकलेल्या वर्करबद्दल: वॉचर (बदल झाला की क्लायंट बोलावतो ते तुमचं फंक्शन) वाजल्यावर नेमकं काय करता?

अर्धविराम:
वॉच ० (बदलाची सूचना नको) देऊन यादी घेतो, कामं वाटतो, मग वॉच १ (सूचना हवी) देऊन पुन्हा कॉल करतो. ती दुसरी यादी बघत नाही, फक्त वॉच लावायला म्हणून.

रात्रपाळी:
मग सापडलं की! झू_गेट_चिल्ड्रनचा वॉच एकदाच वाजतो आणि संपतो. तुमच्या दोन कॉलच्या मधे आलेला वर्कर दुसऱ्या यादीत असतो, आणि नेमकी तीच तुम्ही टाकून देता. एकच कॉल करा, वॉच १ देऊन, आणि त्याच उत्तरावर काम करा. यादी आणि वॉच एकाच विनंतीत जातात, मधे फट उरत नाही. इव्हेंटमध्ये कोण आलं-गेलं ते येत नाही, फक्त 'काहीतरी बदललं' एवढंच कळतं. त्यामुळे जुन्या यादीशी तुलना तुम्हालाच करावी लागेल. चाइल्डचा डेटा बदलला किंवा नातवंडं आली तर हा वॉच वाजतही नाही.

माझं मत: यादी छोटी असेल तर सिंक्रोनसच ठेवा, पण कॉल वॉचरच्या आत करू नका. सगळे कॉलबॅक एकाच थ्रेडवर चालतात. तिथे उत्तराची वाट बघत बसलात तर मागची रांग अडते. वॉचरमध्ये फक्त झेंडा वर करा, यादी आपल्या थ्रेडवर घ्या. सिंक्रोनस कॉल हवेत म्हणजे लिंक करताना अनेक थ्रेडवाली झूकीपर_एमटी लायब्ररीच लागेल, एका थ्रेडच्या एसटीमध्ये ते नाहीत. सेशन इव्हेंटही (जोडणी तुटली, जुळली वगैरे) त्याच वॉचरमध्ये येतात, टाइप तपासल्याशिवाय यादी मागू नका.

हॅशवेडा:
नावं फक्त शेवटचा तुकडा म्हणून येतात, पूर्ण पाथ आपणच जोडायचा. क्रमाचीही हमी नाही. सीक्वेन्शियल नोड (नावाच्या शेवटी झूकीपरने क्रमांक जोडलेले) असतील तर शेवटच्या १० आकड्यांवर सॉर्ट करा, अख्ख्या नावावर नको. पाथच्या शेवटी स्लॅश ठेवलात तर झेडबॅडआर्ग्युमेंट्स ही एरर, म्हणजे -८. पेरेंटच नसेल तर -१०१ येतो आणि वॉचही लागत नाही, तिथे झू_एक्झिस्ट्सने वॉच लावा.

अर्धविराम:
तो दुसरा कॉल काढला, डीअलोकेट लावला. व्हॅल्ग्राइंड (मेमरी गळती शोधणारं टूल) गप्प आहे. शेवटच्या स्लॅशचंही खरं निघालं, टेस्ट कॉन्फिगमध्ये होता, आणि मी दोन दिवस नेटवर्कला शिव्या देत होतो.