व्हॅनवर बेतलेली आठ आसनी गाडी घरासाठी घेणे हा अविचार कसा?

सावली

कुटुंबासाठीच्या गाड्यांवरील धाग्यात काटकोन यांनी काल एक लांबलचक प्रतिसाद दिला. फोक्सवॅगन कॅराव्हेल, मर्सिडीज व्ही-क्लास, फोर्ड टूर्निओ कस्टम यांसारख्या गाड्या म्हणजे माल वाहण्याच्या डब्याला काचा आणि गाद्या लावून केलेली तडजोड आहे, त्या घेणारे लोक क्वचित लागणाऱ्या जागेसाठी रोज रिकामी खोली ओढत फिरतात, आणि शहाण्या माणसाने सात आसनी एसयूव्ही घेऊन जास्त जागा लागेल तेव्हा मोठी गाडी भाड्याने आणावी, असा त्याचा सारांश. उत्तर लिहायला बसले आणि ते तिथे मावण्यासारखे राहिले नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या घरी सात माणसे आहेत. धाकट्या दोघी मुली चाइल्ड सीटमध्ये बसतात आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. सात आसनी एसयूव्ही आम्ही वापरून झालो आहोत. तिच्या तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी दुसऱ्या रांगेतील सीट पुढे दुमडावी लागते, आणि त्या सीटवर आयसोफिक्सने, म्हणजे गाडीतच बसवलेल्या कड्यांना, चाइल्ड सीट अडकवलेली असेल, तर बहुतेक गाड्यांत ती दुमडताच येत नाही. म्हणजे कागदावरची सात आसने घरात दोन लहान मुले येताच पाचवर येतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी शोरूममध्ये जाताना चाइल्ड सीट सोबत न्यावी आणि ती लावून झाल्यावर विक्रेत्याला तिसऱ्या रांगेत बसून दाखवायला सांगावे.

कोणी मागे पोहोचलेच, तरी तिथे पायाखालची जमीन उंच आणि सीट ठेंगणी असल्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात, आणि तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत दोन हातपिशव्यांपलीकडे काही राहत नाही. व्हॅनवर बेतलेल्या गाडीत जमीन सपाट असते, तिसऱ्या रांगेतील सीट पहिल्या रांगेइतकीच उंच असते, सरकते दार बाजूला उभ्या असलेल्या गाडीला न लागता पूर्ण उघडते, आणि लांब आवृत्ती घेतली तर सगळे बसूनही मागे सामान राहते. ही सोय आम्हाला रोज लागते, तेव्हा ती भाड्याने कशी आणायची, हे काटकोन यांनी सांगावे.

काटकोन

सात माणसांच्या घराचे उदाहरण देऊन सर्वांसाठी नियम काढणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. माझा आक्षेप चार-पाच माणसांच्या कुटुंबांवर होता, जी या गाड्या 'उद्या पाहुणे आले तर' म्हणून घेतात. माझ्या मेहुण्याने घेतली आहे. गाडी चालवणारा बहुतेक वेळा एकटा, मागे दोन रिकाम्या रांगा, आणि त्यांवर एक छत्री.

आता गणिताकडे येऊ. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. दोन मीटर उंच आणि जवळजवळ तितक्याच रुंद असलेल्या सपाट तोंडाच्या गाडीला महामार्गावर याची किंमत इंधनात मोजावी लागते, मग मागे कोणी बसलेले असो वा नसो. आडवा वारा सुटला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसावे लागते, ते वेगळेच. लांब व्ही-क्लास ५.१४ मीटर भरते, अतिलांब तर ५.३७ मीटर, ती दोन खांबांमध्ये उभी करून दाखवावी. छताखालच्या पार्किंगमध्ये उंचीची मर्यादा दोन मीटरच्या आसपास असेल, तर वर सामानाची पेटी लावलेली गाडी दारातूनच परत फिरते. डिकीचे झाकण इतके मोठे असते की मागे मीटरभर जागा मोकळी नसेल तर ते उघडतच नाही. एवढ्या जागेचा हव्यास धरणाऱ्यांनी निदान ती उभी कोठे करणार, हा प्रश्न आधी सोडवावा.

सावली

मेहुण्यांच्या छत्रीचे दुःख मी समजू शकते, परंतु रिकाम्या रांगांचा आक्षेप सात आसनी एसयूव्हीलाही तितकाच लागू होतो. तीही दोन टनांच्या घरात जाते, तिचेही तोंड सपाटच असते, आणि तीही बहुतेक वेळा एकच माणूस चालवतो. फरक एवढाच की तिची तिसरी रांग दुमडून ठेवली असल्यामुळे तिचा रिकामेपणा बाहेरून दिसत नाही. पार्किंगचा मुद्दा मात्र खरा आहे. आम्ही गाडी ठरवण्याआधी इमारतीचा उतार आणि छताखालचा नळ टेपने मोजला होता, आणि त्यामुळेच आमची पहिली पसंती बाद झाली.

पाचवा गिअर

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती तपासायला हवी. व्हॅनवर बेतलेली गाडी आणि कारवर बेतलेली गाडी यांमधील भिंत आता तितकीशी उभी राहिलेली नाही. १९८३ मध्ये क्रायस्लरची मिनिव्हॅन आणि १९८४ मध्ये रेनॉची एस्पास आली, तेव्हा पुढच्या चाकांनी चालणाऱ्या, कारसारख्या बसक्या आणि तरीही तीन रांगांच्या गाड्यांची वाट खुली झाली. पुढे एसयूव्हीच्या लाटेत त्या मागे पडल्या आणि मोठ्या कुटुंबांपुढे व्हॅनखेरीज फारसे काही उरले नाही. माझ्या मते आजच्या वादाचे मूळ तिथे आहे. आता चक्र उलटे फिरते आहे. २०२१ ची फोक्सवॅगन मल्टिव्हॅन, कंपनीची गोल्फ ही साधी कार ज्या एमक्यूबी नावाच्या सांगाड्यावर बनते, त्याच सांगाड्यावर उभी आहे. त्याच वर्षी ह्युंदाईने मागच्या चाकांनी चालणाऱ्या एच-१ च्या जागी पुढच्या चाकांनी चालणारी स्टारिया आणली. २०१६ मधील प्यूजो ट्रॅव्हलर, सिट्रोएन स्पेसटूरर आणि टोयोटा प्रोएस व्हर्सो या तिघी बहिणींची उंची १.९० मीटरच्या आसपास ठेवण्यात आली, आणि त्यामुळे काटकोन यांनी उभे केलेले दोन मीटरचे भूत त्या गाड्यांपुरते तरी उतरते. सुरक्षेचा आक्षेप अजून कोणी घेतलेला नाही, परंतु तो येणारच, म्हणून आधीच नोंदवतो की व्ही-क्लासला २०१४ मध्ये युरो एनकॅप या युरोपातील सुरक्षा-चाचणी संस्थेच्या चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळाले होते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. यांपैकी बहुतेक गाड्या डिझेलवर चालतात, आणि लोक त्या मुलांना शाळेत सोडण्यासाठी घेतात. डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, स्वच्छ होण्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले राहावे लागते. दोन किलोमीटर जाऊन बंद केलेल्या इंजिनात काजळी जळत नाही, साठत जाते, एक दिवस दिवा लागतो, आणि मग मालक कंपनीच्या नावाने बोटे मोडत बसतो. ज्यांचे चालवणे सगळे गल्लीतले आहे त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊच नये.

मृगजळ

आम्ही अशी गाडी काही वर्षे वापरली आणि विकली. जागेबद्दल तक्रार नव्हती, परंतु रिकामी असताना ती इतकी आदळत असे की मागच्या रांगेतील माणसाने चहाचा पेला हातात धरू नये. पोकळ पत्र्यातून आवाज घुमत असे, पुढचा माणूस काय बोलतो ते मागे ऐकू येत नसे आणि मागची भांडणे पुढे ऐकू येत नसत. हा एक फायदा मात्र मान्य करावा लागेल. शेवटी टायरवाल्याच्या सल्ल्याने मूळचे जाड टायर काढून त्याच मापाचे साधे कारचे टायर बसवले, आणि गाडी एकदम मऊ झाली. कोणाला हादऱ्यांचा त्रास होत असेल तर हा उपाय करून पाहावा.

जुना चालक

हा उपाय कोणीही करून पाहू नये, आणि हे वाचून माझा संयम सुटला आहे, हे आधीच सांगतो.

या गाड्यांच्या टायरवर मापाच्या शेवटी अनेकदा मालवाहू गाड्यांच्या टायरचे 'सी' हे अक्षर असते, उदाहरणार्थ २१५/६५ आर१६सी, आणि त्यापुढे १०९/१०७ असा भारांक, म्हणजे टायर किती भार उचलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा, असतो. त्यातला पहिला, एकेरी चाकाचा १०९ म्हणजे एका टायरमागे १०३० किलो. त्याच मापाच्या साध्या कारच्या टायरचा भारांक ९८ असतो, म्हणजे ७५० किलो. आता मागच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसाचा, हिशेब करा. दोन साधे टायर मिळून १५०० किलो उचलतात, आणि अशा अनेक गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला त्याहून अधिक भाराची परवानगी असते. आठ माणसे सरासरी ७५ किलोंची धरली तरी ६०० किलो होतात, त्यावर सामान. गाडी मऊ झाली कारण टायरच्या भिंती वाकू लागल्या. वाकणारी भिंत तापते, आणि भरलेल्या गाडीत, उन्हाळ्यात, लांबच्या वेगवान प्रवासात ती फुटते. रिकाम्या गाडीने बाजारात जाऊन 'काही झाले नाही' असे सांगणे हा पुरावा नव्हे.

हादऱ्यांचे कारण बहुधा अगदी साधे असते. या गाड्यांचे स्प्रिंग भार गृहीत धरून कडक केलेले असतात आणि त्यात भर म्हणून हवा भरणारा पूर्ण भाराचा दाब भरून देतो. दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत अर्ध्या भाराचे आणि पूर्ण भाराचे असे दोन वेगळे दाब दिलेले असतील, तर रोजच्या वापरात अर्ध्या भाराचा ठेवावा आणि घरातले सगळे निघताना वाढवावा. एवढे केले असते तर टायर बदलण्याची वेळ आली नसती.

मृगजळ

आपला अनुभव मोठा असेल, परंतु आपण माझी गाडी पाहिलेली नाही, टायरही पाहिलेले नाहीत, आणि थेट मृत्यूची भविष्यवाणी करून मोकळे झालात. आम्ही त्या टायरांवर सहकुटुंब, सामानासह प्रवास केले आहेत. दुकानदार हा धंदा आयुष्यभर करत आला आहे.

जुना चालक

दुकानदाराच्या धंद्याबद्दल मला शंका नाही. भारांक किती होता, एवढे सांगावे.

पाचवा गिअर

जुना चालक यांचा मुद्दा बरोबर असला तरी त्यांनी तो गरजेपेक्षा जास्त ताणला आहे. 'सी' हे अक्षर नसले म्हणजे टायर चुकीचा, असे नाही. कारच्या टायरांत एक्सएल म्हणजे अधिक भाराचा प्रकार असतो. फोक्सवॅगन कॅराव्हेलच्या टी-५ आणि टी-६ या पिढ्यांच्या गाड्यांवर कंपनीनेच २३५/५५ आर१७ मापाचे १०३ भारांकाचे टायर दिलेले आहेत. १०३ म्हणजे ८७५ किलो, दोन मिळून १७५० किलो. तेव्हा अक्षराकडे पाहू नये, भारांक पाहावा आणि तो आपल्या अ‍ॅक्सलच्या आकड्याशी ताडून पाहावा.

जुना चालक

अत्यंत आभारी आहे. आयुष्यभर टायर हाताळून जे कळले नाही ते आज कळले. तरीही मृगजळ यांनी त्याच मापाचे, म्हणजे कारखान्याने 'सी' दिलेल्या मापाचे, साधे टायर बसवले आहेत, आणि भारांक अजून सांगितलेला नाही. ज्या पर्यायाला कंपनीची मान्यता आहे त्याबद्दल माझे भांडण नव्हते.

काटकोन

माझी बाजू इतक्या तपशिलाने कोणी मांडेल, असे वाटले नव्हते. कुटुंबाची गाडी म्हणून जी घ्यायची, तिच्या टायरचा भारांक पाठ करावा लागतो, भार पाहून हवा कमी-जास्त करावी लागते, डीपीएफसाठी तिला फिरवून आणावे लागते आणि जाण्याआधी प्रत्येक इमारतीचे छत मोजावे लागते. आमच्या गाडीत किल्ली फिरवली की ती चालू लागते.

सावली

आपल्या गाडीतही पाच माणसे आणि भरलेली डिकी असेल तेव्हा हवा वाढवावी लागते, तसे तिच्या दाराच्या खांबावर लिहिलेले असते. आपण ते वाचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. धागा टायरांवर गेल्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यातून उपयोगाचे निघाले. परंतु दुसऱ्या रांगेत दोन चाइल्ड सीट लावलेल्या असताना गुडघे न वाकणाऱ्या माणसाने तिसऱ्या रांगेत कसे पोहोचायचे, या प्रश्नाला आपण अजून हात लावलेला नाही.

काटकोन

हात लावतो. घरात सहापेक्षा अधिक माणसे रोज एकत्र प्रवास करत असतील, त्यांत चाइल्ड सीट असतील आणि कोणाला चढण्याचा त्रास असेल, तर एसयूव्हीची तिसरी रांग निरुपयोगी आहे, हे मी मान्य करतो. सरकते दारही चांगले आहे. ते सगळ्याच गाड्यांना का देत नाहीत, हे मला कधी समजलेले नाही. तीन अटी पूर्ण करणाऱ्या कुटुंबांना माझ्याकडून परवानगी आहे असे समजावे. उरलेल्यांनी मेहुण्याला भेटावे.

सावली

परवानगीबद्दल धन्यवाद. गाडी घेऊन बराच काळ झाला, त्यामुळे ती जरा उशिराच मिळाली.

जुना चालक

मृगजळ, गाडी विकली असे आपण लिहिले आहे. ज्यांनी ती घेतली, त्यांना टायर बदलल्याचे सांगितले होते का?

मृगजळ

त्यांनी गाडी फिरवून पाहिली, आवडली, घेतली. टायरांबद्दल त्यांनी विचारले नाही.

जुना चालक

मग आज फोन करावा. टायरच्या भिंतीवर मापाच्या लगेच पुढे दोन किंवा तीन आकडी संख्या आणि एक अक्षर असते. ती संख्या त्यांना वाचायला सांगावी आणि इथे लिहावी. ९८ निघाली, तर घरातले सगळे घेऊन ते कोठेही निघण्याआधी टायर बदलायला हवेत.