संकटकाळात सैल केलेले नियम पुन्हा कधी कसायचे?

प्रश्न (परिचारिका, उपजिल्हा रुग्णालय):
नमस्कार. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ४० खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला आम्ही दोघीच असायचो. त्यामुळे दर दोन तासांच्या नोंदी सहा तासांवर आणल्या, आणि त्या वेळी तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. मात्र लाट ओसरली, मनुष्यबळ वाढले, तरी ती सवलत तशीच राहिली. गेल्या आठवड्यात सकाळच्या पाळीला एका आजोबांचा चार्ट पाहिला, तर रात्रीचे सगळे रकाने एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेले होते आणि नाडी सगळीकडे ८० होती. प्रत्यक्षात आजोबांचे अंग तापाने फणफणत होते. संकटात काय सोडता येते आणि काय मुळीच सोडू नये, हे तुम्ही कसे ठरवता?

उत्तर (ऑक्सिजन पुरवठ्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ):
माझ्या कामात राखीव साठा कधीच सोडता येत नाही. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतून गळती होऊन दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो, पण ६० लिटर लागले तर दोन तासही पुरत नाही. म्हणून भरलेल्या सिलिंडरांची संख्या नुसती लिहून भागत नाही. वॉर्डात या क्षणी मिनिटाला किती लिटर खर्च होत आहे, हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मोजावे लागते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडील सलाइन संपत आले होते. त्यांनी लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तयार करून घेतले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. शिरेतून द्यायचे ते तोंडाने दिले आणि परिचारिकेचे काम आईने केले, एवढी मोकळीक त्यांनी घेतली. मिश्रणाचे वजन मात्र अंदाजावर सोडले नाही. मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे. नोंद सहा तासांनी घेणे ही तडजोड झाली. न घेतलेली नोंद लिहिणे ही तडजोड नव्हे, कारण पुढच्या पाळीचा डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून औषध ठरवतो.

उत्तर (निवृत्त मेट्रन):
आमच्याकडे पूर आला की मी सवलतीचा आदेश लेखी काढत असे आणि त्यावर तो संपण्याची तारीख घालत असे. तारीख उलटल्यावर मुदतवाढ हवी असेल, तर मागणाऱ्याने कारण लिहून द्यायचे. तोंडी सवलत परत घ्यायला कुणी धजावत नाही, कारण ती कुणी दिली होती हेच कुणाला आठवत नाही. आणि ज्या मुलीने तो चार्ट भरला, तिला एकदम नोटीस देऊ नका. त्या रात्री तिच्याकडे किती रुग्ण होते, हे आधी विचारा.

प्रश्नकर्ती:
विचारले. ३१ रुग्ण होते आणि ती एकटी होती. सहा तासांची सवलत तारीख घालून लेखी काढावी आणि रात्रपाळीला दुसरी परिचारिका द्यावी, असे पत्र मी आज अधीक्षकांना दिले आहे.