विंडशील्डची उंची आणि क्लॅम्प

भावा, बाईकच्या हँडलपुढं बसवायची काढता येणारी काच, म्हणजे विंडशील्ड, डोळ्यांच्याही वर जाईल एवढी उंच घ्यावी का, असं विचारलंयस. अजिबात नको! गाडीवर नेहमीसारखं बसल्यावर वरची कड नाकाच्या रेषेत यावी, नजर काचेवरून गेली पाहिजे. पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात धुकं आणि पाणी काचेवर साचलं की आरपार बघणं धोक्याचं. हेल्मेटची काच हातमोज्यानं पुसता येते, ही चालत्या गाडीवर नाही.

काच धरून ठेवणारा क्लॅम्प आणि हँडलचा पाइप यांच्या मध्ये रबर हवंच, थरथरीनं नट ढिले होतात. बसवल्यावर हँडल दोन्हीकडं टोकापर्यंत फिरवून बघ, क्लचची केबल कुठं ताणत नाही ना. आणि काच पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असेल तर तिच्यावर पेट्रोलचा बोळा कुणाला फिरवू देऊ नकोस, बारीक तडे जातात. साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास.