१ किलो काजूला २५० ग्रॅमची किंमत लागली, रात्रीत ४० पुडकी गेली. रद्द करू की पाठवू?

काजूवाली_वाळपई

नमस्कार मंडळी. सकाळपासून डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय.

आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले, सालासकट भाजलेले काजूगर एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. नवऱ्याच्या मामांची छोटी भट्टी आहे. भाजणं, फोडणं त्यांच्याकडे. निवडणं, पाकिटं भरणं आणि विक्री माझ्याकडे. दीड वर्ष झालं. २५० ग्रॅम ३४९, अर्धा किलो ६७९, एक किलो १,२९९ असे माझे दर.

गणेश चवथ जवळ आली म्हणून काल शनिवारी रात्री नव्या छापील पाकिटांचे फोटो चढवायला बसले. एकेक करत बसण्यापेक्षा एक्सेल शीट भरून सगळं एकदम अपलोड केलं. पहिल्या ओळीतली किंमत खाली ओढली ती तिसऱ्या ओळीपर्यंत गेली. अर्ध्या किलोची मी दुरुस्त केली, एक किलोसमोर ३४९ तसेच राहिले. तेवढ्यात लाइट गेली, मोडेम बंद पडला, मी झोपले. पहाटे सहाला फोन बघितला तर २३ ऑर्डरी! मला वाटलं चवथीची गर्दी सुरू झाली. आनंदाने देवाजवळ दिवा लावून आले आणि मग आकडा वाचला.

२० जणांनी एकेक पुडकं घेतलंय, दोघांनी चार-चार, एकाने बारा. किलोमागे मामांना ९६० द्यायचे, पाकीट आणि खोका २२. ३४९ मधून जीएसटी, कमिशन, कुरियर जाऊन हातात १८० च्या आसपास उरतात. म्हणजे पुडक्यामागे ८०० रुपये माझ्या खिशातून. चाळिसांचे ३२ हजार. चवथीच्या मालासाठी एवढेच बाजूला ठेवले होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागलीय. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय मानांकन (भौगोलिक ओळखीचा शिक्का) मिळालं. आफ्रिकेतून आलेल्या बियांचा काजू गोव्याचा म्हणून विकला जातो, तो ओळखायचा कसा हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत आलेय. आता माझ्याच पानावर ३४९ ला किलो बघितल्यावर हा सत्तरीचा माल आहे यावर कोण विश्वास ठेवील? ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय त्यांनी कृपा करून सांगा.

म्हापशेकर_हिशेबनीस

ताई, हे वाचत असाल तिथेच थांबा आणि आधी एक किलोचा साठा शून्य करा. पान काढून टाकू नका, दीड वर्षाचे अभिप्राय त्याच्यासोबत जातील. किंमत मागाहून बदला. शीट आणि ऑर्डरींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळ दिसेल असे.

आता कायद्याचं. किंमत लावून माल मांडणं हा सहसा प्रस्ताव धरला जात नाही. गिऱ्हाइकाची ऑर्डर हा प्रस्ताव आणि तुम्ही तो स्वीकारलात की करार. स्वीकार नेमका कधी धरायचा हे त्या बाजारपेठेच्या अटींत लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी माल रवाना झाल्यावर करार झाला असं धरतात. तुमच्या अटी आजच वाचा. करार झाला की मात्र ‘माझी चूक झाली’ एवढ्यावर सुटता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २२ वं कलम हेच सांगतं, की एकाच बाजूची चूक असेल तर तेवढ्यावरून करार मोडता येत नाही. म्हणून आज एकही पुडकं घाईने ‘पॅक झालं’ म्हणून दाबू नका. आधी ठरवा, मग दाबा.

रद्द करण्यालाही किंमत आहे. तुमच्याकडून रद्द झालेल्या ऑर्डरींचं प्रमाण वाढलं की खात्याची पत खाली येते, आणि ती चवथीच्या तोंडावर आली तर फार वाईट. माझं मत असं: चार-चार आणि बारावाले रद्द करा. त्यांना किंमत चुकलीय हे कळलेलं होतं. एकेक घेणाऱ्यांना खरं काय झालं ते लिहा.

तुमचा १८० चा हिशेब साधारण बरोबर वाटतो. एक तपासा. बाजारपेठ तुमच्या पैशांतून जीएसटीपोटी आधीच कापते तो टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे आणि आयकरापोटी कापते तो टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. माझ्याकडे येणारे पुष्कळ विक्रेते अजून दोन्हीकडे एकेक टक्का धरतात, आणि तो खर्च म्हणून किमतीत घालतात. ते पैसे परत मिळतात: टीसीएस जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात (इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर), टीडीएस आयकराच्या विवरणात. उलट जे खरोखर जातं ते विसरतात. कमिशन जीएसटीसकटच्या किमतीवर लागतं आणि त्या कमिशनवर पुन्हा १८ टक्के जीएसटी.

फोंड्याचा_कोडवाला

काकी, तुमच्या खात्यात ‘किमान किंमत’ हा रकाना असेल तर आजच भरा. तो रिकामा असला की कुठलीही किंमत आत शिरते.

माणसाच्या हातून होतं तसं यंत्राकडूनही होतं. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये आपोआप किंमत बदलणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि कितीतरी छोट्या विक्रेत्यांचा माल एका पेनीला लागला. त्याच्या उलटही घडलंय. २०११ मध्ये माशीच्या जीवशास्त्रावरचं एक पुस्तक दोन विक्रेत्यांकडे होतं. एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या ०.९९८३ पट किंमत लावायचं, दुसऱ्याचं पहिल्याच्या १.२७ पट. दोघं एकमेकांकडे बघत चढत गेले आणि किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरवर पोचली. खाली आणि वर दोन्हीकडे कुंपण घातलेलं असतं तर एकही प्रसंग घडला नसता.

डिचोलीची_माती

बाय, मी समया, पणत्या, मातीची भांडी पाठवतो. तुझी चूक एका रात्रीत दिसली. माझी सात महिने दिसली नव्हती, म्हणून लिहितो.

मी भांडं काट्यावर ठेवून कुरियरचा खर्च धरायचो. खोक्यासकट भरलं २.४ किलो, तर अडीच किलोचे पैसे. पण मातीचं भांडं फुटू नये म्हणून भोवती पेंढा आणि कागद भरावा लागतो, खोका होतो ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची गुणतात आणि ५,००० ने भागतात. ३६,००० भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलो. पैसे त्याचे. दर भांड्यामागे मी तोट्यात होतो आणि जास्त खप होतोय म्हणून खूश होतो. आईने विचारलं, एवढा माल जातो तर बँकेत काही का दिसत नाही? तेव्हा बसलो आणि एकेक पावती काढली.

तुझं एक किलोचं पुडकं खोक्यासकट किती भरतं? १,००० च्या वर ग्रॅमभर गेलं तरी पुढचा टप्पा लागतो. काट्यावर ठेवून बघ.

काजूवाली_वाळपई

सगळ्यांना उत्तर द्यायला आज बुधवार उजाडला, माफ करा.

साठा लगेच शून्य केला. त्याआधी आणखी एक ऑर्डर येऊन गेली होती, पण ती त्या माणसाने आपणहून रद्द केली. बारावाली आणि चार-चारवाल्या दोन मीच रद्द केल्या. बाकी वीस जणांना बाजारपेठेच्या संदेशातूनच लिहिलं: खरी किंमत १,२९९ आहे, रात्री माझ्या हातून चुकली, भट्टी मामांची आहे, तुम्हाला हवं असेल तर मी ३४९ लाच पाठवीन, आणि रद्द करायचं असेल तर तुमचा मनापासून आदर करीन. सात जणांनी रद्द केली. नागपूरच्या एका आजींनी लिहिलं, बाळ, माझं रद्द कर, चवथ झाल्यावर पूर्ण किमतीने घेईन. ते वाचून मी रडले.

तेरा पुडकी काल गेली. १०,४०० रुपयांचं नुकसान. मामांना सांगितलं, ते म्हणाले माझे पैसे दिवाळीला दे. एवढं मोठं मन त्यांनी दाखवलं, त्याचं ओझं मला आहे.

आणि डिचोलीच्या दादा, तुम्ही म्हणालात तसं पुडकं काट्यावर ठेवलं. १,०८० ग्रॅम! दीड वर्ष प्रत्येक किलोच्या ऑर्डरीला मी दीड किलोचे पैसे भरत होते. १,२९९ ही किंमत मी कधी पुन्हा तपासलीच नव्हती, कारण ती ‘बरोबर’ होती. आता ९०० ग्रॅमचं पाकीट करायचं ठरवलंय, खोक्यासकट ९८० भरतं. पाकिटावर वजन आणि एमआरपी नव्याने छापावी लागेल, ती छपाई फोंड्याला उद्या टाकते.

शीट आता अपलोड करण्याआधी सासूबाईंपुढे ठेवते. त्या चष्मा लावून वजन वाचतात, मी किंमत वाचते. काल त्यांनी अर्ध्या किलोपाशी मला थांबवलं, किंमत बरोबर होती पण फोटो पाव किलोचा लागला होता.

दादा, तुमच्या भांड्यांसाठी आता खोका कुठल्या मापाचा वापरता? चवथीला काजूसोबत तुमच्या पणत्या एकत्र द्यायचं मनात आहे. पण आधी खोका मोजायचा आणि मगच किंमत लावायची. देव बरें करूं.

डिचोलीची_माती

३० बाय २० बाय १५. म्हणजे १.८ किलो. चार पणत्या आणि तुझी पाव किलोची दोन पाकिटं बसतात, मी आत्ताच भरून बघितलं. रविवारी वाळपईच्या बाजूला येणार आहे, एक खोका घेऊन येतो.