मदत हवी आहे: सकाळी पीसी सुरू होत नाही आणि दिवसभर यूएसबी सुटते. मदरबोर्ड गेला का?

वरचा बाजार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

फोंड्याला माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटे दुकान आहे. तिथला पीसी पावसाळा लागल्यापासून डोके खातोय. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

आधी सामान सांगतो. बी४५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, रायझन ५ ३४००जी, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्ड वेगळे नाही. पाठीमागे यूएसबीची भाऊगर्दी: बोटांच्या ठशांचे रीडर, वेबकॅम, एक लेझर प्रिंटर, एक रंगीत प्रिंटर, शिवाय गिऱ्हाईक आणते ते पेनड्राइव्ह. पोर्ट पुरत नाहीत म्हणून अडॅप्टरवर चालणारा सात पोर्टचा हब (एका पोर्टाची सात करून देणारी डबी) लावला आहे.

आता दुखणे. सकाळी दुकान उघडून बटण दाबले की पंखा फिरतो आणि थांबतो, परत फिरतो, परत थांबतो. कधी कधी पंखे फिरत राहतात पण मॉनिटरवर काही येत नाही आणि बोर्डवर 'डीआरएएम' लिहिलेला लाल दिवा लागून राहतो. मग मी सगळ्या वायरी काढतो, कॅबिनेट आडवे करतो, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवतो, परत बसवतो, नुसता मॉनिटर आणि कीबोर्ड लावून बघतो. सुरू! त्यानंतर बाकीच्या वायरी लावल्या की संध्याकाळपर्यंत बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खोडरबर.

पण चालू असतानाही सुख नाही. मधेच टुंग आवाज येतो आणि कुठलेतरी यंत्र सुटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि कोड ४३ (यंत्रात बिघाड आहे असे सांगणारा विंडोजचा इशारा). सगळ्यात जास्त सुटते ते ठशांचे रीडर, आणि तेही नेमके माणसाने अंगठा टेकवल्यावर. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी एक आजी बसल्या होत्या. अंगठा ठेवला की रीडरचा दिवा विझे, उचलला की थोड्या वेळाने परत लागे. शेवटी त्याच मला विचारतात, "माझा अंगठाच झिजला काय रे बाबा?"

करून झालेले उपाय: बोर्डवरचा सेल (सीआर२०३२) बदलला, बायोस (बोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, विंडोजमधले 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वापरात नसलेले यूएसबी यंत्र झोपवण्याची सोय) बंद केले, मित्राचा एसएमपीएस लावून पाहिला. फरक शून्य. पणजीतल्या एका दुकानात ठेवायला दिला तर तिथे सासरी आलेल्या जावयासारखा वागला, दर वेळी पहिल्या बटणाला सुरू. तरी त्यांनी सांगितले, बोर्ड गेलाय, नवा घाला. पाच-सहा हजार घालायला ना नाही, पण घालूनही हेच राहिले तर काय?

दमटपणामुळे असे होते का? आणि हे एकच दुखणे आहे की दोन?

कॅप्टन कूलर

रॅम. डीआरएएमचा दिवा लागतोय, आणखी काय पुरावा पाहिजे? एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग) बंद करा, एकच रॅम लावून आळीपाळीने दोन्ही स्लॉट तपासा. यूएसबीचे म्हणाल तर रायझनच्या बोर्डांना हा रोग होताच, २०२१ मध्ये एएमडीने स्वतः कबूल केले होते. एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ च्या बायोसने तो गेला. तुमचा बायोस कुठला आहे?

पावसाळी

पेडण्याला घर आहे आमचे, समुद्र जवळ. बोर्डच्या यूएसबी पोर्टात हिरवे चढलेले डोळ्यांनी पाहिले आहे. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि एसएमपीएसमध्ये मुंग्या नाहीत ना ते बघा. हसू नका, आमच्याकडे निघाल्या होत्या.

सावंतवाडीची

कॅप्टन, ते २०२१ चे प्रकरण मुख्यतः ५०० मालिकेच्या चिपसेटचे होते, आणि त्यावर तात्पुरता उपाय म्हणून पीसीआयई (कार्डे, एसएसडी जोडणारी बोर्डवरची वाट) जेन ४ वरून कमी वेगाच्या जेन ३ वर आणायला सांगत होते. ३४००जी मुळातच जेन ३ च्या पुढे जात नाही. शिवाय ते दुखणे चालू पीसीचे, सकाळी सुरूच न होण्याचे नव्हे. बायोस अपडेट झालाय असे त्यांनी लिहिलेच आहे.

मला खटकते ते पणजीचे. तिथे रॅमही हीच होती, बोर्डही हाच. मग तिथे काय नव्हते?

वरचा बाजार

कॅप्टन, बायोस सगळ्यात नवा आहे. रॅम एकेक करून पाहिली, दोन्हींवर तोच प्रकार. मुंग्या नाहीत. :-)

ताई, पणजीला मी नुसते कॅबिनेट नेले होते. बाकी सगळे दुकानातच.

जुना सोल्डर

आयुष्यभर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर उघडले, पीसी त्या मानाने नवीन. तरी तीन प्रश्न विचारतो.

हबचा अडॅप्टर कुठल्या एक्स्टेंशन बोर्डात लावलाय, पीसीच्याच की दुसऱ्या?
रात्री पीसीचे बटण भिंतीवरून बंद करता का?
बंद केल्यावर दुकानातले दिवे मालवून मदरबोर्डकडे बघा. कुठे काही उजळलेले दिसते का?

वरचा बाजार

काका, हबचा अडॅप्टर राउटरच्या बोर्डात आहे, इन्व्हर्टरच्या लाइनवर. कॅमेऱ्यासाठी राउटर रात्रभर चालू ठेवतो. पीसी मात्र भिंतीवरून बंद करतो. विजांचे दिवस आहेत, लाईट सारखी येते-जाते.

आणि हो, आत्ता शटर अर्धे ओढून बघितले. भिंतीवरचे बटण बंद, तरी बोर्डच्या कोपऱ्यातला दिवा मिणमिणतोय! हे कसे काय?

जुना सोल्डर

सापडला.

यूएसबीच्या वायरीत ५ व्होल्टची एक तार असते. तिच्यातून वीज पीसीकडून यंत्राकडे जायची, उलटी कधीच नाही. यूएसबीच्या नियमातच ते लिहिलेले आहे. अडॅप्टरवाल्या चांगल्या हबमध्ये उलटी वाट अडवणारे सर्किट असते. स्वस्त हबमध्ये तेवढे पैसे वाचवतात आणि अडॅप्टरचे ५ व्होल्ट सरळ पीसीच्या पोर्टात घुसतात.

म्हणजे रात्रभर तुमचा बोर्ड ना धड मेलेला, ना धड जिवंत. त्याच्या अंगात दोन-तीन व्होल्ट रेंगाळत असतात. पॉवर पूर्ण गेली की चिपा शून्यावर येतात आणि पुन्हा आली की पहिल्यापासून सुरुवात करतात. इथे त्या शून्यावर येतच नाहीत. सकाळी तुम्ही बटण दाबता तेव्हा अर्धे सर्किट झोपेत आणि अर्धे जागे, मग एसएमपीएस दचकून बंद होतो किंवा बोर्ड रॅमच्या तपासणीशी अडकतो. दिवा रॅमचा लागतो म्हणून रॅम दोषी असे नाही, गाडी तिथे थांबली एवढेच तो सांगतो.

तुमचा पीसी खोडरबराने सुरू होत नाही. खोडरबर मारायचा म्हणून तुम्ही सगळ्या वायरी काढता, त्यात हबही निघतो, म्हणून सुरू होतो. पणजीला हब नव्हताच.

खात्री करायची असेल तर हबची पीसीकडची वायर पीसीतून काढा, अडॅप्टर चालू ठेवा, आणि त्या चपट्या प्लगच्या पहिल्या आणि चौथ्या, म्हणजे दोन्ही कडेच्या पट्ट्यांवर मल्टिमीटर लावा. डीसी व्होल्ट. तिथे काही यायला नको. आले तर हब घराबाहेर.

अंगठा टेकवल्यावर रीडर सुटते, ते मात्र मला वेगळे वाटते. अनवाणी लादीवर उभे राहून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हाताची पाठ लावली तर झिणझिण येते का? मुद्दाम लावू नका, आधी कधी आली आहे का एवढेच सांगा.

वरचा बाजार

येते! पावसात जास्त. मला वाटले सगळ्याच पीसींना येते.

जुना सोल्डर

येऊ नये. याचा अर्थ पीसीला अर्थिंग नाही.

प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असली की जो थोडा करंट गळतो तो जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेली असली की पत्रा अधांतरी राहतो आणि २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसते झिणझिणते. पण यूएसबीचा ग्राउंड म्हणजे हाच पत्रा. त्या ग्राउंडवर तरंगणाऱ्या रीडरला ओल्या लादीवर पाय टेकलेल्या माणसाने बोट लावले की गळतीला त्याच्या अंगातून जमिनीची वाट मिळते, रीडरची चिप गोंधळते आणि विंडोज कोड ४३ दाखवते. तुमच्या आजींचा अंगठा ठणठणीत आहे.

वायरमनला बोलवा. स्वतः सॉकेट उघडू नका. फेज ते अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, असे त्याच्या मीटरवर दिसले पाहिजे. सॉकेट बरोबर असेल तर एक्स्टेंशन बोर्ड तपासायला सांगा, बहुतेक वेळा भानगड तिथेच निघते. आणि एक, आपल्याकडच्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात मार्च-एप्रिलमध्ये पाणी घालत जा.

सावंतवाडीची

काकांना साष्टांग. माझ्याकडून दोन किरकोळ गोष्टी. ठशांचे रीडर हबवर किंवा पुढच्या पोर्टवर नको, मागच्या यूएसबी २.० पोर्टात थेट लावा, एक्स्टेंशन केबल न जोडता. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर आहे का? असेल तर आजच काढा. त्यातला फ्यूझर (कागदावर टोनर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस गडबडतो, आणि त्यावरच पीसी असेल तर भोगावे त्याला लागते.

कॅप्टन कूलर

रॅम नव्हती, मान्य. पण एक्सएमपी बंद करून बघायला काय हरकत होती? :-)

वरचा बाजार

मंडळी, खबर देतो.

हबच्या प्लगवर मीटर लावला. चार व्होल्टच्या वर आले, म्हणजे काका म्हणतात तेच. हब काढून ठेवल्यापासून पीसी रोज सकाळी पहिल्या बटणाला उठतोय. रात्री दिवे मालवून बोर्ड बघितला, पूर्ण काळोख.

वायरमनने एक्स्टेंशन बोर्ड उघडला तर आत हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर नव्हतीच. तीन पिनांची सॉकेट, आतून दोनच वायरी. विकत घेतला तेव्हापासून तसाच! भिंतीवरची अर्थिंग चांगली निघाली. नवीन एक्स्टेंशन बोर्ड घातला, झिणझिण गेली. लेझर प्रिंटर यूपीएसवर होता, तोही काढून थेट भिंतीला लावला. रीडर मागच्या पोर्टात. त्यानंतर अंगठ्याला एकदाही सुटलेला नाही. त्या आजींना निरोप धाडलाय, दाखला आता होईल म्हणून.

मदरबोर्डचे पैसे वाचले. पणजीच्या दुकानाला नावे ठेवत नाही, त्यांच्यासमोर तो बिघडलाच नाही तर ते तरी काय करणार?

शिल्लक राहिले ते वेबकॅमचे. तो अजून मधूनमधून जातो, कोड ४३. आणि हबशिवाय पोर्ट पुरत नाहीत. नवीन घेताना काय बघू? जुन्याच हबची लाल, म्हणजे ५ व्होल्टची, तार कापली तर चालेल असे एक जण म्हणाला.

जुना सोल्डर

कापू नका. काही हब त्याच तारेवरून ओळखतात की पलीकडे पीसी चालू आहे, ती तुटली की ते यंत्रे दाखवतच नाहीत. चालला तरी गिऱ्हाईकाच्या पेनड्राइव्हशी असले प्रयोग कशाला? नवीन घेताना दुकानातच अडॅप्टर लावून प्लगवर मीटर धरा. शून्य आले तर पैसे द्या. नाहीतर सरळ मागच्या स्लॉटमध्ये बसणारे यूएसबीचे कार्ड घ्या, तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे स्लॉट रिकामा आहे. अडॅप्टरही नको आणि उलट्या वाटेची भीतीही नको.

वेबकॅम दुसऱ्याच्या पीसीला लावून बघा.

वरचा बाजार

शेजारच्या मेडिकलवाल्याच्या लॅपटॉपला लावला. तिथेही कोड ४३. केबल मुळाशी वाकवली की येतो, सोडली की जातो. म्हणजे वेबकॅमच मेला. कार्ड मागवतो.

पावसाळी

काका, आमच्याकडेही अडॅप्टरवाला हब आहे. आत्ता बघितले, पीसी बंद असताना कीबोर्डचा दिवा मिणमिणतोय. पण पीसी सुरू होतो व्यवस्थित. तरी काढू का?

जुना सोल्डर

भिंतीवरून बंद करून बघा. तरी दिवा राहिला तर काढा.