मदत हवी आहे: फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, हप्ते दोघांचे. बायकोचा हक्क किती?

दहिसरकर:
बोरिवलीतला फ्लॅट. अ‍ॅग्रीमेंटवर एकट्या नवऱ्याचं नाव, कर्ज चालू, निम्मा हप्ता बायकोच्या खात्यातून. सोसायटीत नॉमिनी तीच. हिंदू कुटुंब, एक मुलगी, सासूबाई हयात. सेक्रेटरी म्हणतात, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवलं की काम झालं. खरं का?

कागदोपत्री:
नाही. सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीचं सभासदत्व. हयातीत मालकी नोंदणीकृत दस्तानेच जाते. नवरा हयात असताना त्याने घेतलेल्या घरात, केवळ पत्नी म्हणून, मालकीचा वाटा मिळत नाही. राहण्याचा हक्क वेगळा. तो कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, कलम १७ देतं.

नॉमिनीवर फार विसंबू नका. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे वारस ठरेपर्यंत ती फक्त तात्पुरती सभासद. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगी आणि आई अशा तिघींना सारखा वाटा, म्हणजे बायकोला एक तृतीयांश. आई बहुतेकांच्या हिशेबातच नसते आणि भांडण तिथेच पेटतं.

दस्तलेखक:
आत्ताच नाव हवं असेल तर निम्म्या अविभक्त (प्रत्यक्ष वाटणी न केलेल्या) हिश्शाचं बक्षीसपत्र करा. राहत्या घराचं पती-पत्नीतलं असल्याने मुद्रांक शुल्क २०० रुपये. मुंबईत अधिभार वेगळा लागू शकतो, तेव्हा मसुदा पक्का करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून एकूण आकडा काढून घ्या. दोन साक्षीदार हवेत आणि बायकोने स्वीकारल्याचं वाक्य दस्तात असू द्या.

पण आधी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र). घर गहाण आहे. न विचारता हिस्सा दिला तर कर्जकराराचा भंग होतो. बँक बहुधा बायकोला सहकर्जदार करायला सांगेल. नोंदणीनंतर इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा) आणि दस्ताची प्रत जोडून सोसायटीत अर्ज करा. सर्टिफिकेटवर नाव चढतं ते या टप्प्यावर, सेक्रेटरींच्या क्रमाने नव्हे.

नवऱ्यालाही कल्पना द्या: एकदा दिलेलं बक्षीस मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आणि पुढे घर भाड्याने दिलं तर बायकोच्या हिश्शाचं भाडं त्याच्याच उत्पन्नात धरलं जाईल.

दहिसरकर:
मग तिने भरलेल्या हप्त्यांचं काय?

कागदोपत्री:
स्टेटमेंटं जपून ठेवा, पण ती मालकीचा कागद नव्हेत. वाद झाला तर पैसे दिल्याचा पुरावा, बस. मालक नसल्याने व्याजाची करवजावटही तिला मिळत नाही. सहमालक झाल्यावर मिळू शकते. बक्षीसपत्र नको असेल तर निदान मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. फक्त नवरा ते कधीही बदलू शकतो.